उन्हाळी लागलीये? गोळी घ्यायच्या आधी लघवीचं सॅम्पल द्या

लघवीला आग होते, दर दहा मिनिटांनी घाईची लागते आणि होतात चार थेंब, वर ओटीपोटात दुखतं. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी देतात. ते प्या, पण इन्फेक्शन असेल तर त्याने जंतू मरत नाहीत. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला, आणि बायकांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंमी, म्हणून पटकन वर चढतो. तुम्ही अस्वच्छ आहात असं अजिबात नाही, लाजू नका.

मी एकदा घरात उरलेली अँटिबायोटिक घेतली आणि मग टेस्टला गेले, त्या गोळीमुळे कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची टेस्ट) काहीच आलं नाही आणि त्रास तसाच, आठवडा गेला फुकट. म्हणून आधी सॅम्पल. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, पुढून मागे पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार डबीत घ्या, डबीला आतून हात लावू नका. लगेच पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. कल्चरचा रिपोर्ट यायला 2-3 दिवस लागतात पण डॉक्टर सॅम्पल दिल्यावर औषध सुरू करतात, रिपोर्ट बघून लागलं तर बदलतात.

साध्या इन्फेक्शनला बऱ्याचदा नायट्रोफ्युरँटॉइन ही अँटिबायोटिक देतात, साधारण 5 दिवस, जेवणानंतरच घ्या. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. आणि हे कुणी सांगत नाही, जळजळीसाठी मिळणारं अल्कलायझर (लघवीतलं आम्ल कमी करणारं) सिरप या गोळीसोबत स्वतःच्या मनाने घेऊ नका, लघवी अल्कलाइन झाली की गोळीचा असर कमी होतो. दुसरी अँटिबायोटिक फॉस्फोमायसिन असेल तर 3 ग्रॅमची पुडी पाण्यात, एकदाच. बरं वाटलं तरी कोर्स अर्धा सोडायचा नाही.

थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या झाल्या तर किडनीपर्यंत गेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रेग्नंट असाल किंवा शुगर असेल तर अगदी थोड्या जळजळीलाही थांबू नका.

सहा महिन्यांत 2 किंवा वर्षात 3 वेळा झालं तर नीट तपासणी करून घ्या. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा खूप फायदा होतो, गायनॅककडे तसं स्पष्ट विचारा. आणि एसटीच्या लांब प्रवासात टॉयलेट घाण असतं म्हणून दिवसभर पाणीच न पिणं, हे आपण सगळ्याच करतो, ते बंद करा, बस थांबेल तिथे उतरून जाऊन या.