‘दिवाळी होऊ दे, मंग पाहू’: पोटुशी सून घरात असताना सणासुदीत होणाऱ्या चुका

पोळ्याची अमावस्या ते दिवाळीची अमावस्या, मोजून दोन महिने. एवढ्यात फवारणी, निंदण, महालक्ष्म्या, सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी, दसरा आणि कापसाची पहिली वेचणी असं सगळं येतं. त्यात घरातल्या सुनेला पाचवा-सातवा महिना असला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “दिवाळी होऊ दे, मंग पाहू.” यात कोणाचा वाईट हेतू नसतो. सोयाबीन विकल्याशिवाय हातात पैसा येत नाही आणि सवंगणी सुरू असताना वावर सोडून तालुक्याला जायला माणूस मोकळा नसतो. पण पोटातलं लेकरू बाजार समितीतला भाव पाहून वाढत नाही. या दिवसांतल्या बहुतेक चुका त्या एका वाक्यातूनच होतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

तपासणी सणानंतर ढकलणं

काही तपासण्या पुढे सरकवता येतात, काही येत नाहीत. बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. त्यात काही दोष दिसला तर पुढचा निर्णय घ्यायला वेळ उरतो. महालक्ष्म्या गेल्या की जाऊ, दसऱ्यानंतर जाऊ, असं करत सातवा महिना लागला तर सोनोग्राफी होते, पण तिचा अर्धा उपयोग निघून गेलेला असतो. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. ही तपासणी फराळाच्या आधी झाली तर लाडू-करंजीचं काय करायचं ते वेळेत कळतं.

पैशाची अडचण असेल तर दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ९ तारखेला रविवार किंवा सणाची सुटी आली तर ती पुढच्या कामाच्या दिवशी होते. आशाताईला आधीच विचारून ठेवा. सुटी पाहून घरी बसलेल्या बाया दुसऱ्या दिवशी जातच नाहीत.

विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडे, आणखी एक तपासणी टाळून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. सून वाहक निघाली, म्हणजे तिच्यात दोष असून तिला स्वतःला आजार नसला, तर नवऱ्याचीही तपासणी लागते. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. इथे अडतं ते नवऱ्यापाशी. तो सवंगणीत, नाहीतर थ्रेशरवर. “मला काय झालं?” म्हणून चिठ्ठी खिशातच राहते. खरं तर ही तपासणी जेवढी लवकर तेवढी कामाची, आणि त्यासाठी त्याचा अर्धा दिवस जातो, जास्त नाही. सुनेला स्वतःलाच सिकलसेलचा आजार असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. तिच्या गोळ्या आणि बाळंतपणाची जागा डॉक्टरच ठरवतील.

महालक्ष्म्यांच्या दिवशी उपाशी राबणं

आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घरातल्या बायांची परीक्षाच. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, भज्यांचे घाणे. पहाटे चारला उठणं, सोवळ्यात पाणी भरणं, दिवसभर चुलीपुढे बसणं किंवा उभं राहणं, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास नाही. नैवेद्याला तीन वाजतात, कधी चारही. एरवी हे निभतं. पण पोटुशी बाईच्या अंगातली साखर लवकर उतरते. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तीही उकळत्या तेलाच्या कढईजवळ.

सून स्वतः “मला भूक लागली” म्हणत नाही. पहिल्या वर्षाची असेल तर अजिबात नाही. म्हणून हे सासूने किंवा मोठ्या जावेने बोलायचं असतं, आणि चार बायांपुढे बोलायचं असतं: “तू खाऊन घे वं, तुले दोष नाही.” बरेचदा जुन्या बायाच ही मोकळीक देतात, मधल्या वयाच्या मात्र देत नाहीत, असं का, हे मला अजून कळलेलं नाही. दर दोन-तीन तासांनी काहीतरी खाणं, भरपूर पाणी पिणं आणि धुरापासून लांब बसून करता येईल असं काम हवं. भाज्या निवडणं, वाती वळणं, रांगोळी घालणं हीही कामंच आहेत. हरतालिकेचा निर्जळ उपास या दिवसांत सोडूनच द्यावा. नवरात्राचा धरायचाच असेल तर डॉक्टरला विचारून, आणि तोही नुसत्या साबुदाण्यावर नाही. दूध, ताक, दाणे, फळं पोटात गेली पाहिजेत.

“जास्त खाल्लं तं लेकरू मोठं होते, बाळंतपण जड जाते,” हे ऐकून ताट अर्धं ठेवणाऱ्या बाया आजही आहेत. असं अर्धपोटी राहून लेकरू कमी वजनाचं होण्याचा धोका असतो, आणि आईचं रक्त कमी राहिलं तर बाळंतपण अवघड होतं ते त्यामुळे.

चहासोबत लोहाची गोळी

चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, असा लोहाच्या गोळीचा हिशोब असतो. सणात पाहुण्यांबरोबर दिवसातून पाच वेळा चहा होतो आणि गोळी त्यातल्याच एखाद्या कपाबरोबर जाते. चहाने लोह अंगी लागत नाही. आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणासोबत. शौचास काळी झाली म्हणून घाबरून गोळी बंद करू नका, ते नेहमीचंच आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेलं तर दवाखान्याशिवाय इलाज नाही.

फवारणीचे कपडे सुनेने धुणं

कपाशीवर औषध मारून आलेला माणूस कपडे काढतो आणि ते घरच्या धुण्यात पडतात. ‘ती काही वावरात जात नाही,’ म्हणून घरच्यांना वाटतं की धोका नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे कोणी विसरलेलं नसावं. तेच औषध त्या शर्टाला असतं. फवारणी करणाऱ्याने ते कपडे स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावे. पंप आणि डबे राहत्या खोलीत ठेवू नयेत. फवारलेल्या वावरात पोटुशी बाईला वेचणीला नेऊ नये, मजूर कितीही महाग झाला असला तरी.

पोरगी माहेरी, फाईल सासरी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत चांगली आहे. चूक जाण्याच्या वेळेत आणि पद्धतीत होते. दिवाळी सासरची व्हावी म्हणून थांबवतात आणि भाऊबीजेला भाऊ येतो तेव्हा नववा लागलेला असतो. मग मोटारसायकलवर डबल सीट, कच्च्या रस्त्याने, नाहीतर दिवाळीच्या गर्दीत उभ्याने एसटी. न्यायचंच असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात, डॉक्टरला विचारून, बसायला जागा मिळेल अशा गाडीने न्या.

तिच्यासोबत माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार आणि बँक पासबुक गेलंच पाहिजे. सासरच्या कपाटात राहिलेली फाईल रात्री दोन वाजता कोणाच्या कामाची? माहेरी पोचल्यावर तिथल्या आशाताईला आरसीएच क्रमांक (गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा नंबर) द्या, म्हणजे नोंद नव्याने करावी लागत नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत बाईच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. लग्नानंतर नाव बदललं आणि आधार जुन्या नावाचं राहिलं की ते अडकतात. हे काम सणाच्या सुट्यांआधी उरकून घ्या.

माहेर आडरानात असेल तर आणखी एक सोय आहे. गडचिरोली, मेळघाटसारख्या आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना ‘माहेरघर’ जोडलेलं असतं. दिवस भरत आले की बाईला तिथे येऊन राहता येतं.

डोहाळजेवण, दिवाळसण आणि गहाळ झालेला पैसा

एकाच वर्षी दिवाळसण, डोहाळजेवण आणि बाळंतपण, तिन्ही मुलीच्या बापावर. मंडप, डीजे, जावयाचा मान, व्याह्यांच्या साड्या यांची यादी कागदावर असते; दवाखान्याचा पैसा मात्र ‘होईल काहीतरी’ यावर. माझं मत कडू वाटेल, पण डीजे रद्द करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तरी सोबतच्या माणसाचं जेवण, मोठ्या दवाखान्यात धाडलं तर तिथला मुक्काम आणि बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच. दोन्ही घरांनी बसून कोण किती देणार ते ठरवा, आणि ती रक्कम बाईच्या हाती द्या.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळा आल्या तर

सुटी ओपीडीला असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीची सोय चोवीस तास अपेक्षित आहे. तरी त्या आठवड्यात कोण हजर असेल, ते नर्सबाईला आधी विचारा. सिझरची शक्यता सांगितलेली असेल तर थेट उपजिल्हा किंवा जिल्हा स्त्री रुग्णालय गाठायचं, हेही आधीच ठरवा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हवेत. शिवाय गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवा, आणि तो त्या रात्री शुद्धीत असेल असाच निवडा. सुनेच्याच रक्तगटाची दोन माणसं माहीत असू द्या.

पुढचं काही दिसलं तर पूजा आटोपायची वाट पाहू नका: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, चेहऱ्या-हातांवर सूज, झटका (आकडी), ताप. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाळाची हालचाल मात्र गोंधळात लक्षातच येत नाही. दिवसभर फराळ तळणाऱ्या बाईला संध्याकाळी विचारा, आज लेकरू हललं का? ती आठवत बसली तर तिला काही खायला द्या, डाव्या कुशीवर निजवा आणि मोजायला सांगा. सातव्या महिन्यानंतर दोन तासांत दहा वेळाही हललं नाही, तर करंजीचं सारण तसंच ठेवा आणि गाडी काढा.