ऑस्ट्रेलियात पोरं असतील तर आधी गावाकडचं लसीचं कार्ड शोधा

जळगाव-धुळ्याकडची जी पोरं बायका-मुलांसकट मेलबर्न, सिडनीला गेलीयेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि इथं राहिलेल्या आईवडिलांसाठीपण, कारण तिथल्या सरकारी पैशाला लागणारी निम्मी कागदं गावातल्या कपाटातच पडलेली असतात.

स्टुडंट व्हिसावर नाहीतर कंपनीच्या टेम्पररी व्हिसावर असाल तर मुलांसाठीच्या या सरकारी पैशातलं साधारणपणे काही मिळत नाही. पीआर (तिथं कायमचं राहायची परवानगी) नाहीतर सिटिझनशिप लागते. पीआर झाल्यावरही काही पेमेंटला वेटिंग असतं, पण चाइल्ड केअर सबसिडीला नाही, म्हणून पाळणाघराचा क्लेम पहिले टाका, तो फक्त 28 दिवस मागचा धरतात. हे पैसे हातात येत नाहीत, थेट सेंटरला जातात आणि आपली फी कमी होते. 5 जानेवारी 2026 पासून आई घरीच असली तरी पंधरवड्याला 72 तासांपर्यंत सबसिडी धरतात, किती टक्के ते मात्र घरच्या उत्पन्नावर. दुसरं फॅमिली टॅक्स बेनिफिट, म्हणजे मुलं वाढवायला मिळणारी मदत, त्यात पार्ट ए मुलामागे आणि पार्ट बी एकटी आई किंवा बाप सांभाळत असेल नाहीतर घरात मुख्य कमावणारा एकच असेल तर. तिसरं पॅरेंटल लीव्ह पे, म्हणजे बाळंतपणाच्या सुट्टीचे पैसे, 1 जुलै 2026 पासून जन्मलेल्या बाळाला 130 दिवस, त्याला आधीच्या 13 महिन्यांत 10 महिने काम आणि निदान 330 तास भरलेले लागतात.

आता लसी. तिथं 2016 पासून लस पूर्ण नसेल तर सबसिडी मिळत नाही आणि पार्ट ए कापतात, आम्हाला नको होती म्हणून दिली नाही हे कारण अजिबात चालत नाही. मूल इथं जन्मलं असेल तर आपल्या पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) लसीचं कार्ड लागतंच. पण नुसता त्याचा फोटो ऑनलाइन टाकून भागत नाही, तिथल्या डॉक्टरनं किंवा नर्सनं ते इम्युनायझेशन रजिस्टरला, म्हणजे तिथल्या सरकारी लस-नोंदवहीत, चढवावं लागतं. म्हणून आजी-आजोबांनी सिस्टर नाहीतर डॉक्टरांकडून प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत लिहून शिक्का मारून घ्यावा, हे काम पोरं विमानात बसायच्या आधीच झालेलं बरं. आणि नीट लक्षात घ्या, आपल्या सरकारी लसीत एमआर (गोवर-रुबेला) असते, त्यात गालगुंड आणि कांजण्यांची लस नसते, तिथं मात्र दोन्ही लागतात. घाबरू नका, डॉक्टर कॅच-अपचा, म्हणजे राहिलेल्या लसी भरून काढायचा, प्लॅन करून नोंदवतो, त्या प्लॅनप्रमाणे लसी चालू असल्या तर पैसे अडकत नाहीत, आणि 20 वर्षांखालच्यांना त्या फुकट असतात.

सगळ्यात जास्त पैसे परत भरायची वेळ येते ती उत्पन्नाच्या अंदाजामुळे. नवराबायको दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आधी सांगायचं असतं आणि त्यात गावाकडचंही येतं, रावेरची केळी बटाईनं दिलेली असो, धुळ्याच्या फ्लॅटचं भाडं असो की बँकेतल्या एफडीचं व्याज. भारतात शेतीला इन्कम टॅक्स नाही म्हणून तिथं दाखवायचं नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पीआरवाल्यांना जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. त्यांचं वर्ष जुलै ते जून, आपलं एप्रिल ते मार्च, तेव्हा बँकेकडून 1 जुलै ते 30 जूनचं स्टेटमेंट मागा, भाऊ किंवा वडील इथून काढून पाठवू शकतात. अंदाज थोडा जास्तच सांगा. टॅक्स रिटर्न भरल्यावर हिशोब होतो, कमी निघालं तर उरलेले पैसे देतात, जास्त निघालं तर वसूल करतात. केळीचा भाव दरवर्षी वेगळा, त्यामुळे ज्यांचं काहीच नक्की नसतं त्यांनी टॅक्स बेनिफिट वर्ष संपल्यावर एकदमच मागावं, त्याला पुढच्या 30 जूनपर्यंत वेळ असतो, माझ्या मते शेतीवाल्यांना हेच बरं.

आखाजीला लेक नातवंडं घेऊन माहेरी आली तर टॅक्स बेनिफिट साधारण 6 आठवड्यांपर्यंत चालू राहतं. जास्त राहणार असेल तर निघायच्या आधीच सेंटरलिंकला (हे पैसे देणारं सरकारी खातं) विचारून घ्या.

क्लेम मायगव्ह या सरकारी वेबसाइटवरून सेंटरलिंक जोडून करायचा. पासपोर्ट, व्हिसा, मुलाचा जन्म दाखला, टॅक्स फाइल नंबर, बँक खातं जवळ ठेवा. इंग्रजीत अडत असेल तर तिथूनच 131 202 ला फोन करून मराठी दुभाषा मागा, पैसे लागत नाहीत. आणि मायगव्हच्या नावानं लॉगिनची लिंक असलेला मेसेज आला तर उघडूच नका, ते अशी लिंक पाठवतच नाहीत.