नव्या ॲनिमोनला टँकच्या लाइटची सवय कशी लावावी

पाणी तपासलं तर सगळे आकडे जागच्या जागी, तरीही नवा ॲनिमोन दिवसेंदिवस फिकट होतोय, आकसतोय, दगडाच्या सावलीत शिरतोय. असं दिसलं की आधी लाइटकडे बघा. ॲनिमोन, म्हणजे समुद्रपुष्प हा दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी, आपल्या पेशींत एकपेशी शैवाल बाळगून असतो. शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. अंधूक टँकमधून, त्यात प्रवासात पिशवीच्या अंधारातून आलेल्या या शैवालावर एकदम प्रखर एलईडी पडला, की त्याला न पेलणारा प्रकाश मिळतो. पेशींत ऑक्सिजनची घातक रूपं साठतात आणि ॲनिमोन ते शैवालच बाहेर टाकून देतो. मग तो पांढरा पडतो आणि हळूहळू उपाशी मरू लागतो.

इथली माहिती मुख्यतः बबल-टिप या, स्पर्शिकांच्या टोकांना फुगे येणाऱ्या जातीसाठी आहे. घरी पाळायला त्यातल्या त्यात हाच सोपा.

आणण्याआधी

खाऱ्या पाण्याचा टँक किमान सहा महिने चाललेला हवा. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६, तापमान २५–२६ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) तिच्या डीकेएच या एककात ८–९, नायट्रेट थोडं असलं तरी चालेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे रोज वरखाली होता कामा नयेत. प्रत्येक पॉवरहेडला (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला) जाळी किंवा स्पंज लावा. मनासारखी जागा मिळेपर्यंत ॲनिमोन भटकतो, आणि पंख्यात ओढला गेला तर त्याचे तुकडे साऱ्या टँकमध्ये पसरून मासेही धोक्यात येतात.

दुकानात तोंड मिटलेलं, पाय (दगडाला चिकटणारा तळ) न फाटलेला आणि स्पर्शिका चिकट असलेला ॲनिमोन निवडा. तपकिरी, हिरवट, लालसर रंग चालेल. शुभ्र अंग आणि गुलाबी टोकं असलेला ‘स्पेशल’ म्हणून जास्त किमतीला दाखवतील, पण तो शैवाल गमावलेला असतो. भडक पिवळा असेल तर रंगवलेला असण्याचीच शक्यता जास्त. दुकानदाराला टँकवर कोणता लाइट आहे आणि तो किती तास चालतो, हेही विचारून घ्या. तुमची सुरुवात त्यावरून ठरेल.

प्रकाश मोजायचा कसा

डोळ्यांवर विसंबू नका. निळा प्रकाश आपल्याला मंद वाटतो, पण शैवालाला तो पुरेपूर मिळत असतो. खरा आकडा पार मीटर देतो. पार (PAR) म्हणजे शैवालाला अन्न तयार करायला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप. ॲपोजी कंपनीचा एमक्यू-५१० एलईडीखाली आणि पाण्यात चालतो, पण महाग आहे. ओळखीच्या कुणाकडून एका दिवसापुरता मिळाला तरी काम भागतं. बबल-टिपला शेवटी १०० ते २५० पार पुरतो. कार्पेट किंवा मॅग्निफिका जातींना ३०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणून नवख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मीटर नसेल तर मोबाइलमधलं लक्स (डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं ॲप फक्त तुलनेपुरतं वापरा. रंगांचं प्रमाण तेच ठेवून, फोन पाण्याच्या वर एकाच उंचीवर धरून, लाइट ३० टक्क्यांवर असताना किती आणि ६० टक्क्यांवर असताना किती हे लिहून ठेवा. लक्सवरून पार काढण्याच्या फंदात पडू नका. निळ्या एलईडीखाली ते गणित चुकतं. पण एक गोष्ट हमखास कळते: स्क्रीनवरचे ५० टक्के म्हणजे निम्मा प्रकाश असेलच असं नाही.

पहिला दिवस

पाण्याशी ओळख करून द्यायला त्याच्या पिशवीत टँकचं पाणी थेंबथेंब सोडत ४५ ते ६० मिनिटं पुरतात. लाइट बंद ठेवा. प्रवाहाचे पंप तासभर थांबवा आणि ॲनिमोनचा पाय दगडातल्या खोबणीत, टँकच्या खालच्या तिसऱ्या भागात टेकवा. खोबणीतून वर चढायला सलग दगड असू द्या. बबल-टिपला प्रकाश कमी पडला तर तो स्वतःच वर सरकतो, जास्त झाला तर आडोशाला जातो. ही मोकळीक त्याला दिली की निम्मं काम तोच करतो. वाळूत पाय रोवणाऱ्या जातींना ती सोय नसते. त्यांच्या बाबतीत सगळं लाइटच्या सेटिंगवरच.

पाय चिकटल्यावर पंप सुरू करा. त्या दिवशी लाइट नाहीच, फार तर संध्याकाळी तीन-चार तास मंद निळा.

पुढचे चार आठवडे

समजा तुमच्या टँकमधल्या कोरलना (प्रवाळांना) ६० टक्के लाइट चालतो. तर दुसऱ्या दिवशी ३० टक्क्यांवर सहा तासांनी सुरुवात करा आणि पहिला आठवडा तसाच जाऊ द्या. मग दर तीन-चार दिवसांनी ५ टक्के वाढवा. ६० गाठायला असे आणखी जवळपास तीन आठवडे लागतात. त्यानंतर तास वाढवायला घ्या: दर आठवड्याला अर्धा तास, आठ-नऊ तासांपर्यंत. तीव्रता आणि तास एकाच आठवड्यात वाढवू नका. बिघडलं तर कशामुळे, ते कळणार नाही.

बऱ्याच लाइटांत ‘ॲक्लिमेशन मोड’, म्हणजे प्रकाश आपोआप हळूहळू वाढवायची सोय असते. ती वापरा, पण वीज गेल्यावर काय होतं ते आधी तपासून बघा. काही कंट्रोलर वीज परत आली की सगळं विसरून थेट पूर्ण तीव्रतेवर सुरू होतात.

लाइट मंद करायची सोयच नसेल तर खिडकीला डास अडवायला लावतात ती फायबरची जाळी आणा. लाइट आणि पाणी यांच्यामध्ये तिचे चार थर पसरा आणि दर चार-पाच दिवसांनी एक काढा. धातूची जाळी नको. खाऱ्या पाण्याने ती गंजते. लाइटच्या पंख्याची हवा अडणार नाही याचीही काळजी घ्या.

काय बघायचं

अंग लांबलचक ताणून स्पर्शिका वर पसरत असेल तर प्रकाश कमी पडतोय. आखूड होऊन सावलीत दडत असेल तर जास्त होतोय: आधीच्या पायरीवर या आणि आठवडाभर हलू नका. दिवसातून एखाद वेळ तो आकसून तोंडातून तपकिरी मळ टाकतो आणि काही तासांत परत फुलतो, ते नेहमीचंच. टोकांना फुगे आले नाहीत म्हणून लाइट वाढवणं मात्र चूक. फुगे येण्या-न येण्यावरून प्रकृती ठरत नाही.

एक-दोन दिवस आकसलेला, तोंड वासलेलं, अंग विरघळल्यासारखं आणि वास येत असेल तर तो मेला समजा. लगेच बाहेर काढा आणि पाणी बदला.

पांढरा पडलेला पण चिकट असलेला वाचू शकतो. त्याला ८० ते १०० पारच्या आसपास ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा मायसिस (कोलंबीसारखा बारीक जीव) किंवा कोलंबीचा मसुराच्या दाण्याएवढा तुकडा द्या. मोठा तुकडा तो ओकून टाकतो. क्लाउनफिश (ॲनिमोनमध्ये राहणारा मासा) त्याच्यात घुसळण करत असेल तर जाळीच्या डब्याने अडवा. रंग परतायला महिने लागू शकतात.

न सांगता वाढणारा प्रकाश

सेटिंगला हातही न लावता प्रकाश वाढू शकतो. नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला की पाण्यातली पिवळट झाक जाते आणि तोच लाइट खाली जास्त पोचतो. झाकणाच्या काचेवरचं मिठाचं पुट पुसलं तरी तसंच. अशा दिवशी लाइट ५–१० टक्के उतरवून पुन्हा हळूहळू चढवा. जुन्या टी-५ ट्यूब बदलताना सगळ्या एकदम न बदलता आठवड्याला एक बदला.

उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या वर जायला लागलं की तेवढाच प्रकाश जास्त बाधतो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर लाइटची वेळ दुपारी चार ते रात्री बारा अशी सरकवा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर रोखा, आणि पाणी उतरेपर्यंत पुढची पायरी चढू नका. पंख्याने बाष्पीभवन वाढतं, तेव्हा रोज गोडं आरओ पाणी घालून क्षारता राखा.