लकव्यानंतर मूठ उघडत नसेल तर करंट कसा लावायचा

लकव्यानंतर मूठ मिटते, पण उघडत नाही. बोटं मिटवणारे स्नायू ताठरतात, उघडणारे दुबळे पडतात. म्हणून करंट लावायचा तो कोपर ते मनगट या भागाच्या वरच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला घड्याळाची तबकडी येते त्या बाजूला. तळहाताच्या बाजूला करंटचे चिकट पॅड लावले तर आधीच घट्ट असलेली मूठच आणखी आवळते.

दुखण्यासाठी घेतलेलं टेन्स मशीन बहुधा चालत नाही. काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशी सोय असलेलं स्टिम्युलेटर हवं. पेसमेकर असेल तर हा उपचार घरी करूच नका. फिट येत असतील, गर्भारपण असेल, त्या हातात रक्ताची गुठळी, गाठ किंवा जखम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हात बधिर असेल तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच लावा. चटका बसला तरी पेशंटला कळणार नाही.

मालिशचं तेल साबणाने पूर्ण काढा. तेलावर पॅड नीट बसत नाही, कड सुटते, उरलेल्या थोड्या जागेतून सगळा करंट जातो आणि तिथेच झोंबतं. पाच सेंटिमीटरचे चौकोनी पॅड घ्या, हात बारीक असेल तर त्याहून लहान. पहिला पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून, दुसरा मनगटाच्या वर चार बोटांवर. हात पालथा करून उशीवर ठेवा, पंजा कडेवरून मोकळा सोडा.

मशीनवर सुरुवातीला 35 हर्ट्झ, पल्सची रुंदी 250 ते 300 मायक्रोसेकंद, करंट चढायला 2 सेकंद, 10 सेकंद चालू आणि 30 बंद. करंट एकेक पायरी वाढवा. नुसत्या मुंग्या आल्या तर तो कमी आहे; मनगट आणि बोटं उचलली गेली पाहिजेत, पण दुखता कामा नये.

खरा वेळ पॅडची जागा सापडण्यात जातो, आणि तो द्यायलाच हवा. पंजा अंगठ्याकडे कलंडत असेल तर कोपराकडचा पॅड एक सेंटिमीटर करंगळीच्या बाजूला सरकवा. मनगट उठतंय पण बोटं वळलेलीच, तर मनगटाकडचा पॅड थोडाथोडा हलवून पाहा. दर वेळी आधी मशीन बंद करा. जागा सापडली की पॅडच्या कोपऱ्यांवर पेनाने खुणा करा.

करंट आला की पेशंटने स्वतःही मूठ उघडायचा जोर लावायचा. टीव्ही बघत नुसता हात सोडून बसलं तर फायदा फार कमी. समोर फुलपात्र ठेवा: करंट चालू असताना पंजा उघडून त्याच्याभोवती न्यायचा, बंद झाला की धरायचं, पुढच्या वेळी सोडायचं.

पहिला आठवडा दिवसातून एकदा 15 मिनिटं, मग हळूहळू 30 पर्यंत. मधेच बोटं कमी उघडू लागली तर स्नायू थकलाय. करंट वाढवू नका, बंदचा वेळ वाढवा किंवा तिथेच थांबा. पॅडखालची हलकी लाली तासाभरात जाते. ती राहिली किंवा फोड आला, तर कातडी बरी होईपर्यंत पॅड लावू नका.

रोज मशीन लावण्याआधी करंटशिवाय पाच वेळा मूठ उघडायला सांगा आणि अंगठा ते तर्जनी किती अंतर पडलं ते पट्टीने मोजून वहीत लिहा. फिजिओथेरपिस्टकडे जाताना ती वही सोबत न्या.