राज्यघटनेचा अभ्यास मी मसूरपासून पुन्हा सुरू केला

साताऱ्याच्या अभ्यासिकेत पहिलं वर्ष मी कलमांचे आकडे घोकण्यात घालवलं. स्पर्धा परीक्षेच्या पूर्वपरीक्षेत विधानं फिरवून आली आणि पाठांतर कोलमडलं. समानता, भेदभावाला मनाई आणि अस्पृश्यतेवर बंदी सांगणारे अनुच्छेद १४, १५, १७ तोंडपाठ होते, पण ते का लिहावे लागले हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

नव्याने येणाऱ्या मुलांना मी आधी मसूर स्टेशनची हकिकत सांगतो. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर घरच्या मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूरला उतरले. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी एक कबूल झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डबा सोबत होता, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. रात्र तशीच काढली.

आता अनुच्छेद १५ चा दुसरा खंड उघडा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन तिथे जातीवरून मज्जाव करायला बंदी घातली आहे. देशाच्या राज्यघटनेत विहिरीचं नाव का यावं? मसूर माहीत असलेल्याला हे पाठ करावं लागत नाही. हा खंड त्या एका प्रसंगातून आला असं मात्र लिहू नका. अशा विहिरी देशभर होत्या.

मग उद्देशिका, रोज एक शब्द. 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, तारीख मात्र २६ नोव्हेंबर १९४९ चीच राहिली. इथे हमखास फसायला होतं. मी सगळ्यात जास्त रेंगाळलो 'बंधुता'वर. स्वातंत्र्य आणि समता कोर्टात मागता येते. बंधुता कुणाकडे मागायची?

आणि ग्रामसभेला जा. पुस्तकातला ग्रामसभेचा अनुच्छेद २४३ क तिथे सतरंजीवर बसलेला दिसतो. गेल्या २६ जानेवारीला गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मी वहीतल्या सह्या मोजल्या : ६३. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, यांतला कमी असेल तो आकडा. आमच्याकडे शंभर हवे होते. सभा तहकूब झाली. चपला घालताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, मी खास नळाचं विचारायला आले होते. आता कधी बोलवणार?"

तहकूब सभेची तारीख मी त्यांना घरी जाऊन सांगून आलो.