कोलेस्टेरॉल कमी आलं तरी नाडी बघा
आमच्या यवतमाळकडच्या गावांत रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी दिसलं की माणूस बिनघोर वावरात जातो. मी आशाचं काम करते, माझं सांगणं एवढंच की नाडीही बघा.

वावरातून आल्या आल्या नको. 10 मिनिटं बसा, पाणी प्या. मग मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारनं गुणणं इथं चालत नाही, कारण आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. ठोके कधी लवकर, कधी उशिरा, कसेही पडत असतील तर लवकरात लवकर ईसीजी काढा.

एलडीएल वाढलं की रक्तवाहिन्या बुजतात, हे खरंच. पण एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडायच्या आजाराचा, हिशेब वेगळा आहे. अनेक पाहण्यांत एलडीएल कमी असणाऱ्यांत ते उलट जास्त आढळलं. यामागं कधी थायरॉईड असतं: ते जास्त चाललं की कोलेस्टेरॉल उतरतं अन् ठोकेही बिघडतात. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीचं डॉक्टरांना विचाराच.

आणि बाप्पा, हे वाचून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची, गोळी मनानं बंद करू नका! एट्रियल फिब्रिलेशनमध्ये लकव्याचा धोका सुमारे 5 पट वाढतो. रक्त पातळ करायची गोळी लागेल का, तेही विचारा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच 108 लावा.