कामावरील रसायन आणि आजार यांचा संबंध कसा तपासावा

लोटे-परशुराम, महाड किंवा रोह्याजवळच्या धाटाव येथील औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या माणसाला खोकला, चक्कर किंवा अंगावरचे चट्टे सुरू झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, तो 'हे कंपनीतल्या वासाने तर झाले नसेल' हाच. शंका रास्त असते, पण या स्वरूपात तिचा उलगडा होत नाही. रसायन नेमके कोणते, ते शरीरात कोणत्या वाटेने गेले, किती गेले आणि किती काळ जात राहिले, एवढे ठरल्यावरच शोधाला दिशा मिळते. म्हणून सुरुवात आजाराच्या नावाने न करता कामाच्या वर्णनाने करावी. खोकल्याची कारणे असंख्य असतात, परंतु एका माणसाच्या पाळीत हाताळली जाणारी रसायने बहुधा बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

फायबरच्या होड्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या शेडचे उदाहरण घेऊ. साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ते ब्रशने मॅटवर चोपडायचे, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि शेवटी हात ॲसिटोनने पुसायचे, असे हे काम असते. कारागिराला विचारले तर तो 'रेझिनचा वास लागतो' एवढेच सांगेल. त्यापुढचे प्रश्न आपण विचारायचे असतात. काम उघड्यावर होते की होडीच्या पोटात वाकून? हातमोजे असतात का? जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, पावसामुळे शेडला चहूबाजूंनी ताडपत्री लावली जाते का? रेझिनमधून उडणारी स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे होडीच्या तळाशी साचू शकते, म्हणून हे तपशील कोणत्याही प्रबंधाइतकेच मोलाचे आहेत.

यानंतर डब्यावरच्या लेबलाचे छायाचित्र घ्यावे. व्यापारी नावावरून फारसे काही कळत नाही. शोधायचा असतो तो सीएएस क्रमांक, जो प्रत्येक रसायनाला स्वतंत्र दिलेला असतो. स्टायरीनचा क्रमांक 100-42-5 आहे. तो उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, मिळतो. या पत्रकाचे 16 विभाग असतात; त्यांतील तिसऱ्यात घटक, आठव्यात संपर्काच्या मर्यादा आणि अकराव्यात विषारीपणाची माहिती असते. अकराव्या विभागात पुष्कळदा 'माहिती उपलब्ध नाही' असे छापलेले आढळते. त्याचा अर्थ 'अपाय नाही' असा कधीही घेऊ नये. कारखान्यातील कामगाराला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात ही तरतूद झाली आणि 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यामुळे पत्रक मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

क्रमांक हाती आल्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची रासायनिक सुरक्षा कार्डे आधी वाचावीत, कारण ती छोटी आणि सुबोध आहेत. मग अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची मार्गदर्शिका पाहावी आणि त्यानंतरच पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या संकेतस्थळावर मूळ अभ्यास शोधावेत. शोधताना रसायनाच्या नावासोबत व्यवसायाचे नावही टाकावे. स्टायरीनसोबत होडीबांधणीचा शब्द दिल्यास याच धंद्यातील कामगारांवर परदेशात झालेले अभ्यास समोर येतात, आणि त्यांत रंग ओळखण्याच्या क्षमतेवरील तसेच श्रवणशक्तीवरील परिणामांचीही चर्चा सापडते. केवळ फुप्फुसांचाच विचार करणाऱ्याला ही दिशा सुचली नसती.

कर्करोगाबाबत आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण पाहताना मात्र सावध राहावे. बेंझीन गट 1 मध्ये (कर्करोगकारक) आणि स्टायरीन गट 2अ मध्ये (बहुधा कर्करोगकारक) आहे, पण हे गट पुराव्याची बळकटी सांगतात, धोक्याचे आकारमान नव्हे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते 'किती' या प्रश्नाकडे. स्टायरीनसाठी अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेची कायदेशीर मर्यादा सरासरी 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, आहे, तर नायोशची शिफारस 50 पीपीएमची आहे. म्हणजे मर्यादा ही सुरक्षित आणि असुरक्षित यांमधली नैसर्गिक रेषा नसते. शिवाय अशा मर्यादा सहसा आठ तासांची पाळी गृहीत धरून ठरवलेल्या असतात, आणि आपल्याकडे बारा तासांची पाळी नवलाची नाही. नाकावर विसंबणे तर दोन्हीकडून फसवे ठरते: स्टायरीनचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, उलट हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असा घातक समज होतो. ॲनिलिनसारखे रसायन त्वचेतूनही शोषले जाते, तेव्हा हवेची मोजणी पुरत नाही. स्टायरीनसाठी पाळीच्या शेवटी लघवीतील मँडेलिक आम्ल, म्हणजे शरीरात स्टायरीनपासून बनणारा पदार्थ, तपासता येते. हापूसच्या बागेत ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके फवारणाऱ्याची कोलिनेस्टरेज तपासणी हंगामापूर्वी एकदा करून ठेवावी, कारण या कीटकनाशकांमुळे घटणाऱ्या कोलिनेस्टरेज या रक्तातील विकराची पातळी माणसागणिक इतकी बदलते की नंतरच्या एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे कठीण जाते.

सहकाऱ्यांकडे चौकशी करताना आज कामावर असलेल्यांवरच थांबू नये. ज्याला त्रास झाला तो काम सोडून गावी परततो, आणि मागे उरलेले ठणठणीत दिसतात. संशोधनात याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. ठेकेदारामार्फत आलेल्यांची नोंद कंपनीच्या दप्तरात नसण्याचा संभव असल्याने त्यांची माणसे गावातच गाठावी लागतात. कोणाचीही माहिती त्याच्या संमतीशिवाय लिहून घेऊ नये आणि कागदावर नाव घालू नये.

जमवलेली माहिती वर्षवार, एका पानात मांडून डॉक्टरांपुढे ठेवावी: कोणत्या साली कोणते काम, कोणते रसायन, त्रास केव्हा सुरू झाला आणि सुटीत तो कमी होतो का. व्यावसायिक आजाराचा संशय डॉक्टरांनाही वाटला, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी अर्ज करता येतो आणि विमाधारकाला ईएसआयकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडेही जाता येते. अर्जाला माहितीपत्रकाची आणि तपासण्यांची प्रत जोडावी, मूळ कागद स्वतःकडे ठेवावेत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.